मोंते कासीनोच्या पायथ्याशी

श्रोतेहो, रोमहून नेपल्सच्या दिशेने जाणाऱ्या एका प्राचीन रस्त्यावर, रोमपासून सुमारे १४० किलोमीटर अंतरावर, कासीनो नावाचे गाव आहे. गावाच्या डोक्यावर पाचशे मीटरांहून थोडा अधिक उंच असा एक डोंगर उभा आहे. त्याचे नाव मोंते कासीनो. डोंगराच्या माथ्यावर पांढऱ्या भिंतींचा विस्तीर्ण मठ आहे, आणि पायथ्याशी, नीट राखलेल्या हिरवळीवर, एकाच मापाच्या शुभ्र शिलांच्या रांगा आहेत. प्रवाशाची दृष्टी प्रथम मठाकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु पायथ्याच्या त्या भूमीवर क्षणभर थांबल्यावाचून माथ्यावरील मठाची कथा पुरी होत नाही. ही भूमी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील राष्ट्रकुल सैन्याची दफनभूमी होय. तेथे ४,२७१ सैनिकांची नोंद आहे. त्यांपैकी २८० हून अधिक थडग्यांवर नावच नाही.

इतक्या दूरच्या भूमीशी मराठी माणसाचे नाते काय, असा प्रश्न कोणी करील. नाते आहे, एक नव्हे, दोन आहेत. एक रणांगणावर जुळले, दुसरे कोल्हापूरच्या माळावर. त्या दोन्ही नात्यांपर्यंत पोहोचण्यासाठी प्रथम डोंगराची हकीकत सांगितली पाहिजे.

इसवी सन ५२९ च्या सुमारास संत बेनेडिक्ट या डोंगरावर आले आणि त्यांनी येथे मठ स्थापन केला. प्रार्थना आणि श्रम या दोहोंची सांगड घालणारी त्यांची नियमावली पुढे अवघ्या पश्चिम युरोपातील मठजीवनाचा आधार ठरली. मठवासी शेत नांगरीत, रोग्यांची शुश्रूषा करीत, आणि जुन्या ग्रंथांच्या नकला उतरवून ठेवीत. मात्र ज्या जागेवरून सारे खोरे दृष्टीच्या टप्प्यात येते, ती जागा संतांप्रमाणे सेनापतींनाही हवीशी वाटते. सहाव्या शतकात लाँबार्ड टोळ्यांनी हा मठ लुटला. नवव्या शतकात अरब स्वाऱ्यांनी तो जाळला. १३४९ साली भूकंपाने तो जमीनदोस्त केला. प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला. चौथा विध्वंस मात्र विसाव्या शतकाच्या वाट्याला आला.

१९४३ च्या सप्टेंबर महिन्यात दोस्त राष्ट्रांच्या फौजा इटलीच्या मुख्य भूमीवर उतरल्या. इटलीने शस्त्रे खाली ठेवली. परंतु जर्मन सैन्य मागे हटेना. त्याने देशाच्या कमरेभोवती पट्टा आवळावा तशी एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत संरक्षणाची फळी उभारली. तिचे नाव गुस्ताव फळी. रोमकडे जाणारा हमरस्ता लिरी नदीच्या खोऱ्यातून जात होता, आणि त्या खोऱ्याच्या तोंडाशीच मोंते कासीनो उभा होता. डोंगर हाती आल्यावाचून रस्ता खुला होणार नव्हता. १९४४ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत या एका डोंगरासाठी चार लढाया झाल्या. त्यांत दोस्त पक्षाचे सुमारे ५५ हजार आणि जर्मनांचे सुमारे २० हजार सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, असा अंदाज आहे.

पहिल्या लढाईचा भार प्रामुख्याने अमेरिकन सैनिकांनी उचलला. ऐन थंडीत, फुगलेली नदी ओलांडताना त्यांची अपरिमित हानी झाली. फेब्रुवारीत त्यांची जागा न्यूझीलंडच्या सैनिकांनी आणि आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनने घेतली. मठात शत्रूने ठाणे दिले असावे, अशी शंका दोस्त सेनाधिकाऱ्यांच्या मनात बळावली होती. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी सकाळी विमानांचे थवे आले आणि संध्याकाळपर्यंत चौदाशे वर्षांची परंपरा असलेला तो मठ दगडांचा ढीग झाला. आत वृद्ध मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे, थोडे मठवासी, आणि आश्रयाला आलेले शेकडो निर्वासित गावकरी होते. त्यांपैकी अनेक जण मरण पावले. मठात जर्मन फौज नव्हती, हे पुढे स्पष्ट झाले. आणि विध्वंसानंतर मात्र जर्मन छत्रीसैनिकांनी त्याच ढिगाऱ्याचा किल्ला केला. मठातील ग्रंथ आणि ठेवा दोन जर्मन अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने आदल्या वर्षाच्या अखेरीसच रोमला हलविला गेला होता, एवढेच त्यातल्या त्यात समाधान.

बाँबवर्षावानंतरच्या रात्रींत चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या राजपुताना रायफल्स आणि गुरखा पलटणींनी खडकाळ कड्यांवरून चढाई केली. मार्चमधील तिसऱ्या लढाईत गुरखा सैनिकांची एक तुकडी मठाच्या भिंतीपासून काहीशे मीटरांवरील एका सुळक्यावर पोहोचली आणि आठवड्याहून अधिक काळ तेथे तग धरून राहिली. अन्न आणि पाणी त्यांना विमानातून छत्रीने टाकावे लागे, आणि त्यातील पुष्कळसे शत्रूच्या हाती पडे. अखेर रात्रीच्या काळोखात त्यांना खाली आणण्यात आले. मठ काही मिळाला नाही.

येथे दफनभूमीच्या इतिहासातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती ऐकून मन थबकते. या दफनभूमीची जागा १९४४ च्या जानेवारीतच, म्हणजे लढाईला नुकते तोंड लागले असताना निवडण्यात आली होती. माणसे जिवंत होती, खंदकात चहा उकळीत होती, घरी पत्रे लिहीत होती. आणि त्यांच्यासाठी जमीन आखून ठेवली जात होती. यात क्रूरता नव्हती. मृतांना उघड्यावर टाकू नये, एवढ्याच काळजीने ते काम झाले होते. परंतु लढाई अशी लांबली, की पुढे पाच महिने त्या जागेत एकाही मृताला विसावा देणे शक्य झाले नाही. ज्या जमिनीत मृतांनी झोपायचे, तिच्यावरच तोफगोळे पडत होते. जर्मन फौज हटल्यानंतरच भूमी मोकळी झाली, आणि मग डोंगराच्या उतारांवर व नदीच्या काठांवर घाईघाईने पुरलेले देह तेथे आणता आले.

तो दिवस मे महिन्यात उगवला. ११ मे १९४४ च्या रात्री दीड हजारांहून अधिक तोफांनी एकदम आग ओकली. आठव्या भारतीय डिव्हिजनने डोंगराच्या पायथ्याची गारी नदी ओलांडली. भारतीय इंजिनिअरांनी गोळीबारात पूल टाकले. १२ मे रोजी पंजाब रेजिमेंटचा अवघ्या एकोणीस वर्षांचा शिपाई कमल राम याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांवर एकट्याने झेप घेऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. १८ मे रोजी पोलिश सैनिकांनी मठाच्या अवशेषांवर आपले निशाण उभारले. रोमचा रस्ता खुला झाला.

आता दफनभूमीकडे वळू. तिच्या रचनेमागे एक तत्त्व आहे, आणि ते पहिल्या महायुद्धाच्या आगीतून निघाले. १९१७ साली फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने ब्रिटिश साम्राज्याचा युद्धसमाधी आयोग स्थापन झाला. १९६० पासून तो राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणून ओळखला जातो. त्याने असे ठरविले, की कोणाचाही देह मायदेशी नेला जाणार नाही. सेनापती असो वा शिपाई, सर्वांच्या शिरी एकाच उंचीची शिला राहील. आणि वंश, हुद्दा, धर्म यांवरून भेद केला जाणार नाही. हे सर्वांना रुचले असे नव्हे. आपल्या मुलाचा देह घरच्या मातीत आणावा, असे वाटणाऱ्या आयाबापांनी कडवा विरोध केला. १९२० साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये त्यावर वादविवाद झाला. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने मुलाला घरी आणावे आणि गरिबाच्या मुलाने परमुलखात पडून राहावे, हे न्याय्य नव्हे, असा आयोगाच्या बाजूचा युक्तिवाद होता. तो टिकला.

या आयोगाच्या कामात मुंबईत जन्मलेला लेखक रड्यार्ड किपलिंग साहाय्यभूत झाला होता. त्याचा एकुलता एक मुलगा १९१५ साली फ्रान्समधील लढाईत बेपत्ता झाला होता. ज्यांची ओळख पटली नाही, अशा सैनिकांच्या शिलांवर कोरलेले शब्द त्याने निवडले. या सैनिकाची ओळख फक्त परमेश्वराला आहे, असा त्यांचा भाव आहे. ते शब्द निवडणारा बाप स्वतःच्या मुलाचे थडगे शोधीत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या थोडक्या अक्षरांचे वजन कळते.

तत्त्व थोर होते; आचरण सर्वत्र तितकेच थोर होते, असे मात्र म्हणता येत नाही. पहिल्या महायुद्धातील आशियाई आणि आफ्रिकी मृतांपैकी ४५ ते ५४ हजारांचे स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने केले गेले नाही, आणि आणखी लाखाहून अधिक जणांची नावे कोठे कोरलीच गेली नसावीत, असे आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ साली स्पष्ट केले. आयोगाने त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली क्षमा उशिरा आली, हे खरे. परंतु नाव गळणे हा अन्याय आहे, एवढे तरी तिने मान्य केले.

कासीनो येथे दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सैनिकांची थडगी इतरांच्या बरोबरीने आहेत. शिलेवर पलटणीचे चिन्ह, हुद्दा, नाव आणि मृत्यूचा दिवस कोरलेला असतो. ख्रिस्ती सैनिकाच्या शिलेवर क्रूस, मुसलमान सैनिकाच्या शिलेवर अरबी अक्षरे, हिंदू सैनिकाच्या शिलेवर देवनागरी अक्षरे. मात्र हिंदू आणि शीख सैनिकांना त्यांच्या धर्मानुसार अग्नी देण्यात येत असे. अग्नी दिलेल्याला थडगे कसे असणार? म्हणून इटलीत अशा सैनिकांसाठी तीन निराळी स्मारके उभारण्यात आली. त्यांपैकी सांग्रो नदीजवळच्या दफनभूमीतील स्मारकावर पाचशेहून अधिक भारतीयांची नावे आहेत.

आणि ज्यांचा देह ना भूमीला मिळाला, ना अग्नीला? त्यांच्यासाठी कासीनोच्या दफनभूमीतच एक स्मारक आहे. मध्ये शांत पाण्याचे कुंड, आणि दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराच्या उंच शिला. इटलीच्या मोहिमेत पडलेल्या आणि ज्यांचे थडगे ठाऊक नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. वास्तुशिल्पी लुई द स्वासाँ यांनी त्याची रचना केली, आणि १९५६ च्या सप्टेंबरमध्ये इटलीतील दोस्त फौजांचे सेनापती फील्ड मार्शल अलेक्झांडर यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

या हिरव्या शिलांवर एक नाव आहे: नाईक यशवंत घाडगे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव भागातला हा तरुण मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होता. कासीनो पडल्यानंतर जर्मन फौज उत्तरेकडे हटत गेली, आणि १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्याच्यावाचून तुकडीतील प्रत्येक जण पडला वा घायाळ झाला. तो एकटाच धावला. हातबाँबने मशीनगन आणि ती चालविणारा निकामी केला. जवळच्या बंदुकीने आणखी एकाला टिपले. गोळ्या भरण्यास उसंत नव्हती म्हणून बंदुकीची नळी धरून दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना लोळविले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत शिरल्या, आणि जिंकलेल्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला. वय बावीस वर्षे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या तरुण पत्नीच्या हाती आला. त्याचा देह मात्र कोठे विसावला, हे कोणालाच ठाऊक नाही. त्याच पलटणीच्या पहिल्या बटालियनमधील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनियो नदीवर तोच सन्मान मिळविला. ते सुखरूप घरी परतले. बेळगावात ज्या पलटणीचे केंद्र १९२२ पासून आहे, तिच्या इतिहासातील ही दोन पाने इटलीच्या मातीत लिहिलेली आहेत.

इटलीच्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ जणांनी प्राण दिले. तेथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांना मिळाले. आकडे सांगणे सोपे असते. कोकणातील वा देशावरील ज्या घरात युद्धखात्याचा कागद आला असेल, त्या घराची स्थिती मनात आणणे कठीण. इटली कोठे आहे, हे त्या घरातील म्हाताऱ्या आईने कोणाला विचारायचे? समुद्रापलीकडे जाऊन मुलाचे नाव बोटांनी चाचपण्याचे भाग्य तिला कोठून लाभणार? आपल्याकडे ज्याची मृत्युतिथी ठाऊक नसते, त्याचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात. तिथी हरवली म्हणून माणूस वगळला जात नाही. ख्रिस्ती समाजात २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी ज्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावणारा कोणी उरलेला नाही, त्याच्यासाठीही प्रार्थना होते. कासीनोच्या हिरव्या शिला हेच काम करतात. थडगे हरवले, तरी नाव हरवू द्यायचे नाही.

दुसरे नाते पोलिश सैनिकांकडून येते. मठाच्या जवळच, डोंगराच्या कुशीत, त्यांची स्वतंत्र दफनभूमी आहे. तेथे हजाराहून अधिक सैनिक विसावले आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि यहुदी, असे तिन्ही धर्मांचे सैनिक तेथे शेजारी शेजारी आहेत. त्यांचे सेनापती व्लादिस्लाव आंदेर्स १९७० साली लंडनमध्ये वारले, तेव्हा त्यांनाही आपल्या सैनिकांजवळच चिरविश्रांती देण्यात आली. ही माणसे इटलीत आली तरी कोठून? १९३९ साली जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्वेकडील लक्षावधी पोलिश माणसे सायबेरिया आणि मध्य आशियाकडे हाकलली गेली. पुढे जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. पुरुष सैन्यात भरती झाले आणि इराणमार्गे पश्चिम आशियात, तेथून इटलीत पोहोचले. आणि त्यांची बायकामुले? त्यांतील सुमारे पाच हजार स्त्रिया, मुले आणि वृद्ध कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आली. १९४३ पासून १९४८ पर्यंत ती तेथे राहिली. पंचगंगेच्या परिसरात त्यांच्या शाळा भरल्या, त्यांचे देवालय उभे राहिले.

१९४४ च्या मे महिन्यात मोंते कासीनोवर जे पोलिश सैनिक चढत होते, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरची माणसे त्या वेळी वळिवड्याच्या छपरांखाली पत्राची वाट पाहत होती. आणि त्याच महिन्यात रायगडच्या डोंगरांतून आणि सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवरून गेलेल्या जवानांच्या बायका इटलीच्या पत्राची वाट पाहत होत्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. परंतु पोस्टमनच्या चाहुलीने दोघींचे काळीज एकाच तऱ्हेने हलत असेल. युद्ध संपले तेव्हा त्या पोलिश कुटुंबांचे मूळ प्रांत रशियाच्या ताब्यात गेलेले होते. कित्येकांना परतायला गावच उरले नाही. आज पोलंडची राजधानी वॉर्सा येथे मोंते कासीनोच्या लढाईचे स्मारक आहे आणि त्याच्या शेजारीच कोल्हापूरच्या आश्रयाची कृतज्ञ आठवण सांगणारा फलक आहे. वळिवडे आणि कासीनो ही दोन नावे तेथे शेजारी आली आहेत, ती योगायोगाने नव्हेत.

कासीनोच्या परिसरात आणखीही दफनभूमी आहेत. व्हेनाफ्रो येथे फ्रेंच सैन्याची आहे. तिच्यातील फार मोठा भाग उत्तर आफ्रिकेतील मुसलमान सैनिकांचा आहे. आणि कासीनोच्या उत्तरेस कायरा येथे एका टेकडीवर वीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक विसावले आहेत. त्यांचे राज्यकर्ते मानवतेचे वैरी होते. परंतु दगडी क्रुसांवरील वये वाचणाऱ्याला तेथेही विशी-बाविशीतीलच मुले भेटतात. शत्रूच्याही मृताला माती आणि नाव मिळावे, एवढा धर्म युद्धानंतर तरी पाळला गेला.

माथ्यावरचा मठ पूर्वीच्या आराखड्याप्रमाणे पुन्हा बांधण्यात आला. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याचे पुनःसमर्पण केले आणि संत बेनेडिक्ट यांना युरोपचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. दगड पुन्हा रचता येतात. कासीनोने ते चार वेळा सिद्ध केले. पायथ्याशी असलेल्या माणसांपैकी एकही पुन्हा उभा करता आला नाही. म्हणूनच मठाहून दफनभूमीची देखभाल अधिक निष्ठेने व्हावयास हवी. मठाला त्याचे संत आहेत, ग्रंथ आहेत, यात्रेकरू आहेत. नावाच्या शिलेला वाचणाऱ्यावाचून दुसरे कोणी नसते.

आणि ते वाचणे होत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात, ज्या भागात ते पडले तेथील मोन्तोने या छोट्या इटालियन गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघटिका उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे ब्रीद तिला दिले आहे. ज्या गावाशी त्या तरुणाचे ना भाषेचे नाते, ना रक्ताचे, त्या गावाला त्याची आठवण राहिली. ती ठेवणे आपल्याला जड जाऊ नये.

श्रोतेहो, इटलीचा प्रवास पूर्वीइतका दुर्घट राहिलेला नाही. रोम पाहून नेपल्सकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाने वाटेत कासीनोला उतरावे, मठाकडे जाण्यापूर्वी पायथ्याशी जावे, आणि त्या हिरव्या शिलांवर मराठा पलटणीखालील नावे शोधून ती हलक्या आवाजात वाचावी. ज्या आयांना तेथे जाता आले नाही, त्यांच्या वतीने एवढे करण्यास फार वेळ लागत नाही.